गटाराकाठी उगवतो, मग कुंडीत का नाही?

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या दवाखान्यात नेहमी येणारे एक निवृत्त शिक्षक रक्तदाब तपासून घ्यायला आले होते. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, आपणही तसेच म्हणू. वय सत्तरीच्या पुढे. रक्तदाब ठीक होता, पण चेहरा उतरलेला होता. झोप लागत नाही, जेवणावर वासना नाही, अशी तक्रार. थोडे खोदून विचारले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, आमच्या घरचे बी गेले."

मग सगळी हकिकत कळली. गुरुजींच्या पत्नी परसात दरवर्षी गावठी टोमॅटो लावीत. फळ लहान, चपटे, अंगावर खाचा असलेले आणि चांगले आंबट. आमटीत एक चिरून टाकला की चिंच-कोकमाची गरज पडत नसे. त्या दरवर्षी बी धरून ठेवीत. २०१९ साली धरलेल्या बियांची पुरचुंडी फडताळात राहिली आणि २०२० साली त्या गेल्या. तीन वर्षे गुरुजींना त्या पुरचुंडीला हात लावावासा वाटला नाही. अखेर मे महिन्यात त्यांनी ती उघडली. साठेक बिया निघाल्या. त्यातल्या चाळीस त्यांनी गच्चीवरच्या एका मोठ्या कुंडीत पेरल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. तीन आठवडे झाले, एकही उगवली नाही.

"आमच्या गल्लीत गटाराकाठी कोणी न लावता टोमॅटोचे झाड फोफावले आहे. आणि मी इतके जपतो तर एक बी रुजत नाही. हा कुठला न्याय?" गुरुजींनी विचारले.

बी-बियाणे हा काही माझा विषय नाही. पण गटाराकाठच्या टोमॅटोचे उत्तर निम्मे वैद्यकशास्त्रात आहे, म्हणून आजच्या सदरात हा विषय घेत आहे. टोमॅटोचे बी घरी कसे रुजवावे, ते करताना प्रकृतीची कोणती काळजी घ्यावी आणि टोमॅटोविषयीच्या कोणत्या समजुती सोडून द्याव्यात, हे आपण क्रमाने पाहू.

बी पोटातून जाते तेव्हा

टोमॅटोच्या बीचे कवच चिवट असते. आपण न चावता गिळलेल्या बहुतेक बिया पचत नाहीत. पोटातील आम्ल आणि आतड्यातील रस सोसून त्या जशाच्या तशा बाहेर पडतात आणि रुजण्याची शक्तीही बऱ्याच अंशी टिकवून ठेवतात. म्हणूनच सांडपाण्याचा गाळ जेथे टाकला जातो तेथे टोमॅटोची रोपे हमखास दिसतात. गटाराकाठी, उकिरड्यावर, मोरीच्या तोंडाशी उगवणारी झाडे याच मार्गाने किंवा फेकलेल्या खरकट्यातून आलेली असतात.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, टोमॅटोच्या बियांनी मुतखडा होतो ही समजूत चुकीची आहे. बी आतड्यातून जाते. तिचा मूत्रपिंडाशी संबंध येत नाही. खडा तयार होतो तो लघवीतील क्षार साचून. अपुरे पाणी पिणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. खड्यात आढळणारे ऑक्झलेट पालकात भरपूर असते, टोमॅटोत त्या मानाने फारच थोडे असते. तेव्हा बिया काढून टोमॅटो खाण्याचा खटाटोप निरोगी माणसाने करू नये. ज्यांना पूर्वी खडा झाला आहे त्यांनी खडा कोणत्या प्रकारचा होता ते पाहून आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने पथ्य ठरवावे.

दुसरी गोष्ट. गटाराकाठच्या झाडाचे टोमॅटो कितीही लालबुंद दिसले तरी खाऊ नयेत. सांडपाण्यातून विषमज्वराचे, हगवणीचे जंतू आणि जंताची अंडी फळाला लागू शकतात. मुलांना हे अवश्य सांगून ठेवावे.

बियांवरचे कुलूप

ताजा टोमॅटो कापला की प्रत्येक बीभोवती एक बुळबुळीत आवरण दिसते. फळ ओले असते, उबदार असते, मग बिया आतच का रुजत नाहीत? कारण या आवरणात आणि फळाच्या रसात रुजणे रोखणारी द्रव्ये असतात. निसर्गाने घातलेले ते कुलूपच म्हणा. फळ जमिनीवर पडते, सडते, आवरण कुजून जाते आणि कुलूप निघते. गटाराकाठी हे काम आपोआप होते. शिवाय तेथे ओल कधी तुटत नाही, खत भरपूर असते आणि पाण्याजवळ माती फारशी तापत नाही.

आपण मात्र पुष्कळदा बाजारातला टोमॅटो चिरतो, बिया तशाच बुळबुळीत अवस्थेत मातीत दाबतो आणि वाट पाहत बसतो. काही उगवतात, बऱ्याच बुरशीने जातात.

गुरुजींच्या बियांचे तसे नव्हते. त्यांच्या पत्नी बिया चुलीच्या राखेत चोळून, धुऊन वाळवीत. जुन्या बायकांची ही रीत चांगली होती. राखेने चोळल्यावर आवरण निघून जाते. म्हणजे कुलूप निघालेले होते. मग चूक कुठे झाली?

मातीचा ताप पाहा

चूक महिन्यात आणि जागेत होती. टोमॅटोचे बी रुजते ते मातीच्या तापमानाप्रमाणे. मातीत २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता असली तर साधारण सहा दिवसांत रोप वर येते. २० अंशांना आठ दिवस लागतात, १५ अंशांना दोन आठवडे, तर १० अंशांना सहा आठवड्यांपर्यंत थांबावे लागते. उलट ३५ अंशांना नऊ दिवस लागतात आणि ४० अंशांना बी रुजतच नाही. ही मोजणी हवेची नव्हे, मातीची आहे हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या कुंडीतली वरची माती दुपारी हाताला चटका देते. तेथे ४० अंश केव्हाच ओलांडलेले असतात. सकाळी घातलेले पाणी दहा वाजेपर्यंत उडून जाते. बी सकाळी भिजते आणि दुपारी भाजते. एकदा भिजून फुगलेले बी कोरडे पडले की आतला कोंब मरतो. गुरुजींच्या चाळीस बिया अशाच गेल्या. त्यांच्या हाताचा त्यात दोष नव्हता.

आपल्या भागात टोमॅटोचे बी टाकण्याचे तीन हंगाम आहेत. खरिपासाठी जून-जुलै, रब्बीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर आणि उन्हाळी पिकासाठी डिसेंबर-जानेवारी. घरच्या कुंड्यांसाठी नवख्या माणसाने सप्टेंबर-ऑक्टोबर धरावा. उष्णता बेताची असते, पावसाचा मारा ओसरलेला असतो आणि फळे धरतात तेव्हा हवा थंड असते. टोमॅटोच्या फुलांना कडक उन्हाळा मानवत नाही. दिवसाची उष्णता ३५ अंशांच्या वर राहिली की फुले गळतात.

आधी परीक्षा, मग पेरणी

गुरुजींकडे वीस बिया उरल्या होत्या. त्या चार वर्षांच्या जुन्या होत्या. टोमॅटोचे बी कोरड्या, थंड जागी ठेवले तर चार-पाच वर्षे टिकते, पण दरवर्षी त्याची शक्ती कमी होत जाते. म्हणून वीसही बिया एकदम पेरू नका, असे मी त्यांना सांगितले. कृषी खात्यात नोकरी केलेल्या एका परिचितांना विचारून आम्ही पुढील परीक्षा ठरवली. ती कोणालाही घरी करता येते.

१. दहा बिया मोजून घ्याव्यात. धुवट सुती फडक्याची दुहेरी घडी पाण्यात भिजवून घट्ट पिळावी. फडके ओलसर हवे, गळते नको. पाण्यात बुडालेल्या बीला हवा मिळत नाही आणि ते कुजते.

२. बिया एकमेकींना न चिकटतील अशा घडीत मांडाव्यात. घडी एका वाटीत ठेवून वर ताटली झाकावी. हवा खेळती राहावी म्हणून झाकण घट्ट लावू नये.

३. वाटी स्वयंपाकघरात, उन्हापासून आणि शेगडीपासून दूर ठेवावी. रुजण्यासाठी बीला उजेडाची गरज नसते, उबेची असते. थंडीच्या दिवसांत वाटी फ्रिजच्या वर ठेवली तर तेवढी ऊब पुरते.

४. रोज एकदा उघडून पाहावे. फडके सुकत असेल तर चार थेंब पाणी शिंपडावे. बुरशी दिसली तर ती बी काढून टाकून बाकीच्या नव्या फडक्यात घ्याव्यात.

५. पाचव्या दिवसापासून मोड मोजावेत आणि चौदाव्या दिवसापर्यंत थांबावे. जुने बी उशिरा जागे होते. पहिल्या आठवड्यात काही दिसले नाही म्हणून फेकून देऊ नये.

दहापैकी सात किंवा अधिक रुजल्या तर बी उत्तम समजावे. प्रमाणित बियाण्यासाठी सरकारी नियमात किमान ७० टक्के उगवण धरलेली आहे. चार-पाचच रुजल्या तरी निराश होऊ नये. हवी त्यापेक्षा दुप्पट बी टाकावे म्हणजे झाले.

या परीक्षेत बी वाया जात नाही. मोड दोन-तीन मिलिमीटरचा झाला की ते बी ओल्या काडीच्या टोकाने उचलून मातीत लावता येते. मोडाला बोट लावू नये, तो फार नाजूक असतो. फार लांब होऊ दिला तर मुळे फडक्यात गुंततात आणि सोडवताना तुटतात.

पेरणीची रीत

बी रुजवायला मोठी कुंडी नको. मोठ्या कुंडीत पाणी साचते आणि माती गार, चिकट राहते. चहाचे कागदी पेले, दह्याचे रिकामे डबे, नारळाच्या करवंट्या चालतील. प्रत्येकाच्या बुडाला दोन-तीन भोके पाडावीत.

माती अशी करावी: एक भाग चाळलेली बागेची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू. ताजे शेण घालू नये. त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे जळतात. मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट आणि गांडूळखत निम्मे-निम्मे घेतले तरी चालते. मिश्रण आधी भिजवून मुठीत दाबून पाहावे. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये.

बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल टाकावे. हाताच्या करंगळीच्या नखाएवढी खोली समजा. त्याहून खोल टाकले तर कोंबाची शक्ती वर येण्यातच संपते. वरून भुरभुरीत माती टाकून हलक्या हाताने दाबावी. पाणी झारीने किंवा फवाऱ्याने द्यावे. तांब्याने ओतले तर बी वाहून एका कडेला जाते. पेल्यांवर ओलसर गोणपाट टाकावा.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. पहिला कोंब वर दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढावा आणि पेले उजेडात न्यावेत. येथे पुष्कळांची चूक होते. झाकण दोन दिवस अधिक राहिले की रोपे उजेडाच्या शोधात लांब, पांढुरकी आणि सुतासारखी बारीक होतात. पहिले काही दिवस सकाळचे कोवळे ऊन द्यावे, मग हळूहळू वेळ वाढवावी.

रोपे कोलमडली तर

आदल्या संध्याकाळी टवटवीत असलेली रोपे सकाळी मातीलगत आडवी पडलेली दिसतात. देठ तळाशी पाण्याने भिजल्यासारखा, काळपट, बारीक झालेला असतो. याला रोपे कोलमडणे म्हणतात. मातीतल्या बुरशीने हे होते. पडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. म्हणून उपाय आधीच करावेत: पाणी सकाळी द्यावे, रात्री माती वरून कोरडी असावी, रोपे दाट नसावीत, हवा खेळती असावी. पडलेले रोप आजूबाजूच्या मातीसह काढून टाकावे. बी टाकण्यापूर्वी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चिमूटभर बियांना चोळली तर संरक्षण मिळते. कृषी सेवा केंद्रात ती भुकटी मिळते.

पाने वरच्या बाजूला वळून बारीक होऊ लागली तर पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ रोग समजावा. त्यावर औषध नाही. ही माशी फार बारीक असते, मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. म्हणून रोपे लहान असेपर्यंत त्यांच्यावर तलम मलमलीचे फडके ताणून बांधावे.

रोपे २५ ते ३० दिवसांची, चार-पाच पानांची झाली की मोठ्या कुंडीत लावावीत. कुंडी निदान बारा इंची असावी. रोप लावताना देठाचा थोडा भाग मातीत जाऊ द्यावा, त्या भागालाही मुळ्या फुटतात आणि झाड घट्ट बसते. लागवड संध्याकाळी करावी. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत फळे तोडायला येतात.

रंगीत बियांपासून सावध

आता डॉक्टर म्हणून एक गंभीर सूचना. दुकानातून आणलेल्या बियाण्याला पुष्कळदा गुलाबी, लाल, निळा किंवा हिरवा रंग असतो. हा रंग शोभेसाठी नसतो. त्या बियांना बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेले आहे, ते खाण्याजोगे नाही, हे कळावे यासाठी तो असतो. पाकिटावर तशी सूचनाही छापलेली असते, पण ती बारीक अक्षरांत असते आणि पाकीट फाडल्यावर पहिल्यांदा फेकले जाते.

उरलेले बी वाटीत काढून ओट्यावर ठेवणे, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवणे, बडीशेपेच्या रिकाम्या बाटलीत भरणे हे प्रकार घरोघरी दिसतात. लहान मुलाला ते रंगीत बडीशेपेसारखे वाटते. म्हणून रंगीत बी नेहमी त्याच्या मूळ पाकिटात, मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलुपाच्या जागी ठेवावे. पेरताना हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरावी, नंतर साबणाने हात धुवावेत, तोवर तंबाखू-सुपारीला हात लावू नये. वरच्या फडक्याच्या परीक्षेसाठी वापरलेली वाटी पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. उरलेले रंगीत बी कोंबड्यांनाही घालू नये.

मुलाने असे बी खाल्ल्याचा संशय आला तर ओकारी काढण्याचा, मिठाचे पाणी पाजण्याचा प्रयत्न करू नये. तोंडातले बी बोटाने काढावे, चूळ भरायला लावावी आणि पाकीट बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. पाकिटावर औषधाचे नाव असते, त्यावरून उपचार ठरवणे सोपे जाते.

टोमॅटोची पाने आणि देठही खाण्याचे नाहीत. त्यांत टोमॅटिन नावाचे द्रव्य असते. त्यांची भाजी किंवा काढा करू नये.

कुंडीबरोबर येणारी जबाबदारी

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. कुंडीखालची ताटली हे त्याचे आवडते ठिकाण. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सर्व ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून राहतात.

मातीत काम करताना खिळा, काच, काटा लागला तर जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. मधुमेही व्यक्तींनी अनवाणी बागकाम मुळीच करू नये. पायाला लागलेले त्यांना कळत नाही आणि पुढे तीच जखम चिघळते.

खावा कसा?

पिकलेल्या टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असते. १०० ग्रॅममध्ये उष्मांक अवघे वीसच्या आसपास आणि जीवनसत्त्व क साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम असते. या जीवनसत्त्वाचा एक उपयोग आपल्याकडे फार मोलाचा आहे. भाकरी, डाळ, उसळी, पालेभाज्या यांतले लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. क जीवनसत्त्व बरोबर असले की ते अधिक शोषले जाते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी यांबरोबर कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर घ्यावी आणि जेवणावर लगेच चहा टाळावा. चहामुळे लोहाचे शोषण कमी होते. अर्थात रक्त फारच कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांना टोमॅटो हा पर्याय नव्हे.

टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन या द्रव्याचा. शिजवल्याने आणि थोड्या तेलामुळे ते शरीराला अधिक मिळते. उलट क जीवनसत्त्व शिजवल्याने कमी होते. म्हणून काही कच्चा, काही शिजवलेला, असे दोन्ही प्रकारे खावा. ज्यांना जळजळ आणि आंबट ढेकर यांचा त्रास आहे त्यांनी प्रमाण बेताचे ठेवावे. मूत्रपिंडाच्या विकारात ज्यांना पोटॅशियम कमी घ्यायला सांगितले आहे त्यांनी विचारल्याशिवाय खाऊ नये.

पुढच्या वर्षीचे बी

घरच्या झाडाचे बी धरायचे तर निरोगी झाडावरचे, पूर्ण पिकलेले फळ निवडावे. ते आडवे कापून बिया रसासह काचेच्या भांड्यात पिळाव्यात, थोडे पाणी घालून वर फडके बांधावे आणि सावलीत एक-दोन दिवस आंबू द्यावे. दिवसातून दोनदा ढवळावे. वर साय येते, आंबूस वास येतो. घाबरू नये, कुलूप निघत आहे. दोन दिवसांहून जास्त ठेवू नये, नाहीतर बिया भांड्यातच मोड धरतात. मग भरपूर पाणी ओतावे. जड, चांगले बी तळाशी बसते. हलके, पोकळ बी वर तरंगते ते ओतून द्यावे. गाळणीत स्वच्छ धुऊन बिया स्टीलच्या ताटात पसरून सावलीत वाळवाव्यात. कागदावर वाळवल्या तर चिकटून बसतात. पाच-सहा दिवसांत बी खडखडीत सुटे झाले की बाटलीत भरावे आणि चिठ्ठीवर वाण व साल लिहावे.

संकरित वाणाच्या फळातले बी धरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत. बी धरायचे असेल तर गावठी वाण किंवा पुसा रुबी, अर्का विकास यांसारखे सुधारित सरळ वाण घ्यावेत.

गुरुजींच्या वीस बिया

जूनच्या पहिल्या आठवड्यात गुरुजींनी दहा बिया ओल्या फडक्यात ठेवल्या. पाचव्या दिवशी काहीच नव्हते. सातव्या दिवशी सकाळी साडेसातला, दवाखाना उघडायच्या आत, ते वाटी घेऊनच दारात उभे होते. दोन बियांना मोड आले होते. चौदा दिवसांत सहा झाले. उरलेल्या दहांतून आणखी पाच आले. अकरा रोपांपैकी दोन पावसाळी हवेत कोलमडली. नऊ राहिली.

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो अनेक गावांत शंभर रुपये किलोच्या वर गेला आणि जो तो भावाची चर्चा करू लागला, तेव्हा गुरुजी आपली रोपे कागदी पेल्यांतून कुंड्यांत हलवीत होते. चार त्यांनी ठेवली, तीन लेकीकडे पाठवली, दोन मला दिली. "एकाच घरी ठेवून मी एकदा चुकलो," एवढेच म्हणाले.

ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा रक्तदाब तपासायला आले. झोपेची गोळी त्यांनी मागितली नाही. रोज सकाळी उठून कुंड्यांपाशी जायचे म्हणून रात्री वेळेवर आडवे होत होते. टेबलावर त्यांनी दोन चपटे, खाचांचे टोमॅटो ठेवले आणि एक कागदाची पुडी. पुडीवर शिक्षकी वळणाच्या अक्षरात पत्नीचे नाव आणि खाली २०२३ असे लिहिले होते.

वाचकहो, आपल्याही घरी आई-आजीने ठेवलेली एखादी पुरचुंडी असेल तर ती आजच शोधावी. सगळे बी एकदम पेरू नये. दहा बिया मोजून ओल्या फडक्यात ठेवाव्यात आणि चौदा दिवस धीर धरावा.